लिंट: कपड्यावरच्या तंतूंपासून पाइपलाइनच्या गेटपर्यंत

कपड्याला बारीक तंतू चिकटतात ना, त्यांना इंग्रजीत लिंट म्हणतात. बेल लॅब्जच्या स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतला कोड तपासणाऱ्या प्रोग्रामला हेच नाव दिलं. त्यावरचा त्यांचा लेख १९७८चा. कल्पना साधी: कंपायलरने पटापट काम उरकावं, बारीकसारीक शंका दुसऱ्या टूलने निवांत काढाव्यात. पण ते टूल चालवायचं की नाही, ही प्रोग्रामरची मर्जी.

पुढे २०१३ मध्ये डॉकर आलं, २०१४ मध्ये कुबरनेटीस. कुठली इमेज, किती कंटेनर, सगळं यामल फाइलमध्ये लिहायला लागलो. आणि यामलला कंपायलरच नाही!

त्यातून झालेला प्रसिद्ध घोळ म्हणजे नॉर्वे. या देशाचा कोड 'एनओ'. यामल १.१ च्या नियमात 'एनओ' म्हणजे 'नाही'. अवतरण चिन्हं टाकली नाहीत, तर देशाच्या जागी थेट 'फॉल्स' येतं. एरर नाही, काही नाही. २००९ च्या १.२ आवृत्तीत हा नियम सुधारला, पण पायथॉनची पायवायएएमएल लायब्ररी आजही जुन्याच पद्धतीने वाचते.

म्हणून यामललिंटसारखी टूल्स आली. ती कंटेनरमध्ये चालवली, की तुझ्या लॅपटॉपवर एक व्हर्जन आणि सर्व्हरवर दुसरं, हे भांडण मिटतं. अट एकच: इमेजचा टॅग 'लेटेस्ट' नको, ठरलेला नंबर हवा. मग पाइपलाइन बघते फक्त एक्झिट कोड. शून्य आला तर पुढे, नाहीतर बिल्ड तिथेच थांबतं. १९७८ची मर्जी गेली, दारावर वॉचमन बसला.

आता खरी गंमत ऐका. यामललिंट नॉर्वेचा घोळ पकडतं, पण डिफॉल्ट सेटिंगमध्ये ती नुसती वॉर्निंग असते. वॉर्निंगला एक्झिट कोड शून्यच! म्हणजे वॉचमनने चोर बघितला, वहीत नोंद केली आणि आत सोडला. बिल्ड हिरवं, लॉग कोण वाचतंय? 'स्ट्रिक्ट' हा पर्याय दिला, तर मात्र कोड २ येतो आणि गाडी थांबते.

तेव्हा आपल्या पाइपलाइनमध्ये एकदा मुद्दाम चुकीची फाइल टाकून बघा. बिल्ड लाल झालं, तरच वॉचमन जागा आहे. भेटू पुढच्या भागात!