दारूकाम अंगणात आलं



दिवाळी तोंडावर आली की गटाच्या बैठकीत फराळाच्या ऑर्डरीच निघतात. आज जरा फटाक्यांचं बोलू.

'दारू' म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते. पण मूळ फारसीत या शब्दाचा अर्थ आहे औषध. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी औषधं शोधणाऱ्या लोकांनी सोरा, गंधक आणि कोळसा एकत्र केला आणि भडका उडाला. त्या भुकटीला चिनी भाषेत नाव पडलं 'अग्नीचं औषध'. आपण तिलाच 'शोभेची दारू' म्हणतो.

आपल्याकडेही हे जुनंच आहे. १४४३ साली हेरातहून आलेल्या अब्दुर रझाक या राजदूताने विजयनगरच्या महानवमी उत्सवात आतषबाजी पाहिली. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात 'रुक्मिणी स्वयंवर' लिहिलं, त्यातल्या लग्नातही दारूकाम आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी जुन्या पोथ्यांतले असे उल्लेख गोळा करून भारतातल्या आतषबाजीचा इतिहास लिहून ठेवला.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं राजाच्या उत्सवात नाहीतर मोठ्या घरच्या लग्नात. दारू कुटणारा आणि पेटवणारा जाणता कारागीर असायचा. बाकीचे लांब उभं राहून बघायचे.

मग ती आपल्या अंगणात कशी आली? १९२३ साली तामिळनाडूतल्या शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार कोलकात्याला जाऊन काडेपेट्या बनवायला शिकले. शिवकाशीला पाऊस कमी, शेतीचा भरवसा नाही. काडेपेटीच्या धंद्यातून पुढे फटाक्यांचे कारखाने उभे राहिले आणि फटाका गावच्या दुकानापर्यंत पोचला. तिथे आपल्यासारख्याच कितीतरी बाया मजुरी करतात. २०१२ च्या सप्टेंबरात, दिवाळीचा माल तयार होत असताना, तिथल्या एका कारखान्यात स्फोट होऊन तीसहून जास्त माणसं गेली.

म्हणजे दारू घरात आली, पण कारागिराची शिस्त मागेच राहिली. हे मला आमच्याच घरात कळलं. भाच्याने भुईनळा लावला, तो पेटला नाही. पोरगं वाकून बघायला गेलं आणि तेवढ्यात नळा फुलला. हात पोळला. घाईत कुणी टूथपेस्ट लावली, कुणी हळद. दवाखान्यात ते सगळं जखमेवरून काढताना पोर जे ओरडलं, ते मी विसरले नाही. टूथपेस्ट आणून देणारी मीच होते.

तेव्हा ती शिस्त आपण आणू. पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं आधी भरून ठेवायचं, मग फटाके काढायचे. कडब्याची गंजी, सोयाबीनची सुडी, घरात साठवलेला कापूस, गोठा यांच्यापासून लांब मोकळ्या जागेत जायचं. अंगात सुती कपडे, पदर आणि ओढणी खोचलेली, पायात चप्पल. लहान मुलाजवळ मोठं माणूस हवंच. फुलबाजीला आपण खेळ समजतो, पण तिची तार हजार अंशांच्या आसपास तापते. विझली की ती थेट बादलीत टाकायची. न फुटलेला फटाका पुन्हा पेटवायचा नाही, लांबूनच पाणी ओतायचं. डबा किंवा मडकं पालथं घालून फटाका उडवायचा नाही, त्याचे तुकडे अंगावर येतात.

भाजलंच तर साधं गार पाणी वीस मिनिटं ओतत राहायचं. बर्फ, हळद, तूप, पेस्ट काही नाही. वरून स्वच्छ सुती कापड सैल ठेवायचं. जास्त भाजलं असेल किंवा डोळ्याला लागलं असेल, तर १०८ ला फोन करायचा.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठरवली आणि कमी धुराचेच फटाके विकायला सांगितले. ते फटाके तयार करण्यात आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेच्या शास्त्रज्ञांचा हात आहे.

या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं हे बोला. आपल्या गल्लीत बादली कोण भरणार आणि मुलांजवळ कोण थांबणार, तेही त्याच बैठकीत ठरवा.

तुम्हा सगळ्यांची दिवाळी सुखाची जावो.