पावलांचा हिशेब

सामन्यात खेळाडू किती धावतो, हा प्रश्न उपग्रहांहून जुना आहे. १९३१ साली अमेरिकेत मेसरस्मिथ आणि कोरी यांनी बास्केटबॉल मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर चाक फिरवत खेळाडूचा माग काढला. मला अधिक भावते ती इंग्लंडमधल्या टॉम रायली आणि व्हॉन थॉमस यांची १९७६ची रीत. एव्हर्टनच्या एका फुटबॉलपटूवर नजर खिळवायची, मैदानावरच्या खुणांवरून अंतर अदमासायचे आणि ते टेपरेकॉर्डरला सांगत राहायचे. सरासरी भरली सामन्यामागे सुमारे ८.७ किलोमीटर.

अमेरिकी लष्कराच्या जीपीएसचे नागरी संकेत मे २०००पर्यंत मुद्दाम बिघडवलेले असत. चूक शंभर मीटरपर्यंत जाई, म्हणजे अख्खे फुटबॉलचे मैदान तिच्यात मावावे! ही भेसळ थांबल्यावर वाट मोकळी झाली. ऑस्ट्रेलियन फुटबॉलची विस्तीर्ण, उघडी मैदाने या यंत्राला मानवली. २००६ मध्ये मेलबर्नला कॅटापल्ट ही कंपनी निघाली. फुटबॉलच्या नियमकर्त्यांनी अंगावरची यंत्रे सामन्यात चालवून घेतली ती २०१५मध्ये.

सुरुवातीची यंत्रे सेकंदाला एकच नोंद घेत. निर्णायक मुसंडी मात्र दोन-तीन सेकंदांत संपते. पुढे हा वेग दहापट झाला, तरी माझी शंका उरतेच. योग्य जागी आधीच उभा असलेला बचावपटू कमी धावतो. नुसते किलोमीटर पाहणारा त्याला आळशी ठरवील, संघाबाहेरही बसवील. रायली-थॉमस यांच्या टेपमागे निदान खेळ पाहणारा माणूस होता.

आणि आपली कबड्डी? ती आता छपराखाली मॅटवर रंगते. तिथे उपग्रहाचा संकेतच नीट पोहोचत नाही.