डर्बीच्या आधीची शर्यत

"सरावाला आणला होता. आपले शंभर गेले."

आजोबांच्या लोखंडी पेटीत रेसबुकांचा एक गठ्ठा सापडला. त्यातल्या एका पानावर, एका घोड्याच्या नावासमोर, पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं होतं. आजोबा गांधीबागेतल्या एका ठोक कापड दुकानात मुनीम होते. हंगामाच्या आधी शेठजी त्यांना माल बघायला मुंबईला पाठवायचे. मूळजी जेठा मार्केटातलं काम शनिवारी आटपायचं, आणि आजोबा नागपूरला परतायचे ते मात्र सोमवारी. घरी कारण ठरलेलं होतं: "पार्टीनं थांबवून घेतलं." ती पार्टी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर चार पायांवर उभी असायची, हे आम्हाला पेटी उघडल्यावर कळलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घोड्यांशी माझा संबंध सीताबर्डीवर लहानपणी बसलो होतो त्या टांग्यापुरता. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. शर्यत म्हणजे शर्यत, तिथं सरावाला कोण येतं? आणि येत असेल, तर त्यावर शंभर रुपये लावणाऱ्याला ते सांगायचं कोणी?

या प्रश्नाच्या मागे गेलो तेव्हा कळलं की थोरोब्रेड घोड्यांच्या जगात हा वाद फार जुना आहे. मोठ्या शर्यतीच्या आधी घोड्याला किती वेळा पळवायचं, कुठे पळवायचं, आणि किती जोर लावून? दरवर्षी डर्बी जवळ आली की ट्रेनरच्या या निवडीवर चहाच्या टपरीपासून क्लबच्या लॉनपर्यंत डोकी लढवली जातात.

आधी आपल्याकडचा नकाशा बघू. इंडियन डर्बी पहिल्यांदा 1943 साली मुंबईत झाली. ती जिंकली 'प्रिन्सेस ब्युटिफुल' नावाच्या फिलीने, म्हणजे तरण्या घोडीने. मालक बडोद्याचे महाराज, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. आज ही शर्यत फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी होते, अंतर 2400 मीटर. घोड्याचं वय 1 जानेवारीला एका वर्षाने वाढलं असं धरतात. त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेत तीन वर्षांचे घोडे डर्बी धावतात, तर आपल्याकडे चार वर्षांचे.

डर्बीच्या आधी, डिसेंबरमध्ये, इंडियन 2000 गिनीज असते, अंतर 1600 मीटर. म्हणजे सहा-सात आठवड्यांत घोड्याला दीडपट अंतर पळायचं असतं. 1600 मीटरला वेग लागतो, 2400 मीटरला दम. गिनीज जिंकलेला घोडा शेवटच्या 400 मीटरमध्ये टिकेल का, हे कोणालाच माहीत नसतं. ते डर्बीच्या दिवशीच कळतं, किंवा त्याआधी एखाद्या मधल्या अंतराच्या शर्यतीत थोडंसं कळतं.

म्हणून ट्रेनरपुढे तीन-चार वाटा असतात. गिनीजनंतर घोडा शांत ठेवायचा आणि फक्त सकाळच्या ट्रॅकवर्कवर डर्बीला न्यायचा. किंवा जानेवारीत महालक्ष्मीवरच एक शर्यत द्यायची. किंवा कलकत्ता डर्बीसारख्या बाहेरगावच्या शर्यतीला पाठवायचा, म्हणजे लांबचा प्रवास, वेगळी हवा, वेगळा ट्रॅक. फिली असेल तर पेच आणखी अवघड. जानेवारीच्या अखेरीला इंडियन ओक्स असते, फक्त फिलींसाठी, आणि अंतर डर्बीएवढंच, 2400 मीटर. तिथं जिंकण्याची संधी जास्त. पण तीच फिली थोड्याच दिवसांत घोड्यांविरुद्ध पुन्हा तेवढंच अंतर पळू शकेल का?

टेस्ट सिरीज लावलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात फुल लेंग्थ पेपर द्यायचा की झोप काढायची? फरक इतकाच की तुम्ही दमलात तर तसं सांगू शकता.

जुन्या काळी उत्तर सरळ होतं: पळवा. अमेरिकेचा सायटेशन हा घोडा 1948 साली केंटकी डर्बी जिंकला, तेव्हा त्याच्या आधी फक्त चार दिवस, 27 एप्रिलला, तो 'डर्बी ट्रायल' ही शर्यत जिंकून आला होता. त्या एका वर्षात तो 20 शर्यती पळाला आणि 19 जिंकला. त्याच्या शेजारी 2018 चा जस्टिफाय ठेवून बघा. फेब्रुवारीत पहिली शर्यत, मे महिन्यात केंटकी डर्बी, जूनमध्ये ट्रिपल क्राऊन पूर्ण, आणि मग निवृत्त. सगळ्या आयुष्यात सहा शर्यती, सहाही जिंकल्या. दोन वर्षांचा असताना एकही शर्यत न पळता केंटकी डर्बी जिंकणारा त्याच्या आधीचा घोडा होता 1882 चा अपोलो.

सत्तर वर्षांत असं काय बदललं? एक उत्तर पैशाचं आहे. डर्बी जिंकलेल्या नर घोड्याची खरी कमाई पुढे पैदाशीतून होते. मग प्रत्येक जादा शर्यत म्हणजे हरण्याची आणि पाय मोडण्याची जोखीम. दुसरं उत्तर काळजीचं, आणि ते दिसतं तेवढं सोपं नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले डेव्हिड नुनामेकर यांनी तरुण घोड्यांच्या नडगीच्या हाडांचा अभ्यास केला. हाड ज्या ताणाची सवय करतं, त्याच ताणासाठी ते घडतं, असं त्यांना दिसलं. लांबलांब संथ दौड देऊन हाड वेगासाठी तयार होत नाही. त्याला अधूनमधून थोडा वेगही द्यावा लागतो. म्हणजे जास्त पळवलं तर धोका, आणि जपून जपून ठेवलेल्या घोड्याला एकदम मोठ्या शर्यतीत सोडलं तरी धोका. 2023 साली केंटकीच्या चर्चिल डाउन्सवर डर्बीच्या हंगामात 12 घोडे दगावले आणि उरलेल्या शर्यती दुसऱ्या मैदानावर हलवाव्या लागल्या. ट्रेनरच्या निवडीवर आपण घरबसल्या वाद घालतो, तेव्हा दुसऱ्या टोकाला हे असतं.

आपल्या विदर्भातल्या शंकरपटाच्या जोड्या पाळणाऱ्यांनाही हा प्रश्न नवा नाही. मोठ्या पटाच्या आधी जोडी लहान पटात उतरवायची की राखायची, यावर पारावर रात्र निघते. पट 2014 ला बंद झाला, 2021 ला सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम परवानगीने परत सुरू झाला, आणि त्याबरोबर हा वादही.

पण आजोबांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना घोड्याच्या तयारीचं दुःख नव्हतं. तयारी आपल्या पैशावर झाली, याचं होतं.

आमच्या धंद्यात नवीन कोड आधी स्टेजिंगवर चालवून बघतात. तिथं काही कोसळलं तरी ग्राहकाला त्रास नाही. घोड्यांकडेही स्टेजिंग आहे. सकाळचं ट्रॅकवर्क असतं, मॉक रेस असतात, त्यांची वेळ नोंदली जाते आणि छापूनही येते. पण पूर्वतयारीची शर्यत ही मॉक रेस नसते. खिडकीवर खरी तिकिटं विकली जातात. ट्रेनरला जे उत्तर हवं आहे ते कदाचित "हा गर्दीत शांत राहतो का" एवढंच असतं, आणि तिकीट घेणाऱ्याला हवं असतं "हा जिंकतो का". नियम तिकीट घेणाऱ्याच्या बाजूने आहे. प्रत्येक घोडा जिंकण्यासाठीच पळवला पाहिजे, नाहीतर स्टुअर्ड चौकशी लावतात. पण 90 टक्के तयार असलेला घोडा प्रामाणिकपणे पळवला आणि हरला, तर त्यात गुन्हा कुठला? त्या उरलेल्या 10 टक्क्यांचा हिशेब फक्त ट्रेनरला माहीत असतो.

1996 साली सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू सरकार या खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. घोड्याची क्षमता आणि तंदुरुस्ती, जॉकीचं कसब, पाठीवरचं वजन, अंतर, यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, असा त्यामागचा विचार. रेसबुकात यातलं बरंच काही छापलेलं असतं. आज हा घोडा कशासाठी आणला आहे, हे कुठल्याच रकान्यात नसतं.

मग ते वाचायचं कसं? कधीकधी निकालातूनही वाचता येत नाही. 1973 साली केंटकी डर्बीच्या दोन आठवडे आधी सेक्रेटेरिएट 'वुड मेमोरियल'मध्ये तिसरा आला. जिंकला तो त्याच ट्रेनरचा, लुसियन लॉरिनचा, दुसरा घोडा. सेक्रेटेरिएटला लांबचा दम नाही, अशी कुजबुज सुरू झाली. खरं कारण होतं तोंडात झालेलं गळू. 5 मेला त्याने डर्बी 1 मिनिट 59.4 सेकंदांत जिंकली. तो विक्रम आजही उभा आहे.

आणि कधी पूर्वतयारी हा मनापासून विचारलेला प्रश्न असतो. 2015 साली ब्रिटनमध्ये गोल्डन हॉर्नला डर्बीचं अंतर झेपेल यावर मालकाचाच विश्वास नव्हता. त्याचं नावही दिलेलं नव्हतं. मे महिन्यात यॉर्कची 'दांते' शर्यत तो जिंकला, तेव्हा 75,000 पौंड भरून त्याचं नाव घातलं, आणि जूनमध्ये तो एप्समची डर्बी जिंकला. इथं सराव सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला. ट्रेनर जॉन गॉस्डेनना जे कळलं, ते त्याच दिवशी खिडकीवरच्या माणसालाही कळलं.

मला वाटतं, या वादात हाच भेद महत्त्वाचा आहे. किती शर्यती, कुठल्या शर्यती, यावर ट्रेनरला मोकळीक हवीच, कारण घोड्याच्या पायाला सकाळी हात लावणारा तोच आहे. पण शर्यत पैशावर चालत असेल, तर तिचा हेतू पैसे लावणाऱ्यापासून लपू नये. घोडा किती तयार आहे, पुढचं लक्ष्य कोणतं, मधल्या काळात दुखणं झालं का, एवढं तरी त्या पुस्तकात यावं. नाहीतर ज्याला कायद्याने कौशल्य म्हटलं, ते तिकीट घेणाऱ्यासाठी नशीबच राहतं.

आजोबांनी आपल्यापुरता उपाय काढला होता. त्या शंभर रुपयांनंतरच्या सगळ्या पुस्तकांत त्यांनी पट्टी लावून एक जादा रकाना आखला आहे, दुकानाच्या वहीत आखायचे तसा. वर लिहिलंय: "कशासाठी आला?" खाली प्रत्येक घोड्यासमोर एकदोन शब्द: "अंतर बघायला." "जॉकी नवा, सवयीला." "लांबून आला, जिंकायलाच." बऱ्याच ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह आहे, आणि जिथं प्रश्नचिन्ह, तिथं रक्कम लिहिलेली नाही.

त्याच हंगामाच्या डर्बीच्या पानावर तो शंभर रुपयांचा घोडा पुन्हा आहे. रकान्यात एकच शब्द: "आज." समोर रक्कम लिहिली होती, पण आजोबांनी ती खोडरबरानं पुसली आहे. कागद उजेडात धरला तरी आकडा वाचता येत नाही.

आजीला विचारलं. ती म्हणाली, "त्या वर्षी ते सोमवारी नाही, मंगळवारी आले होते रे."