नागराजाची पूर्वकथा

चिनहटला बदलून आलेल्या आपल्या मंडळींची मुले हिंदी चित्रकथांत रमतात. नागराजाची आरंभीची पुस्तके त्यांनी वाचावीत काय? माझ्या मते, अवश्य. ३० जून १८५७ रोजी याच चिनहटला सर हेन्री लॉरेन्सचा पराभव झाला, म्हणून रेसिडेन्सीला वेढा पडला. हा पूर्वभाग गाळून वेढा कळत नाही. १९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्सने आणलेला नागराजही मुळात नायक नव्हे. दहशतवाद्यांना भाड्याने देण्यासाठी प्राध्यापक नागमणीने घडविलेले ते शस्त्र. बाबा गोरखनाथांनी त्याला सोडविले. पुढील पराक्रमांच्या गर्दीत हे दास्य विसरले जाते. कथानक भाबडे आहे, संवाद तर फारच भडक! परंतु पुढे ही चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढली, आणि 'अमर चित्र कथे'तून परिचित असलेला तो हात लखनौच्या दुकानात भेटला की परकेपणा थोडा निवळतो.