मांजरेचं खोरं: जिल्ह्याची रेघ आणि पाण्याची रेघ

मांजरा नदीचा अलीकडचा इतिहास आज आपण पडद्यावरच्या नकाशावरून वाचू. ही नदी बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते. केंद्र सरकारच्या 'इंडिया-डब्ल्यूआरआयएस' या संकेतस्थळावर आधी जिल्ह्यांच्या सीमा लावू. धनेगावचं धरण बीडच्या केज तालुक्यात, पण त्याचं पाणी पितं लातूर शहर. आता त्या सीमा काढून नुसतं खोरं ठेवू. बीड, धाराशिव, लातूर एकमेकांना कसे बांधलेले आहेत, ते लगेच कळतं.

आता युरोपीय आयोगाचा भूपृष्ठजलाचा नकाशा उघडू. १९८४ पासूनच्या लँडसॅट चित्रांवरून तो केलाय. कायम पाणी असलेली जागा निळी. अधूनमधून असलेली गुलाबीकडे झुकते. त्या गुलाबी रंगामागे काय असतं? २०१६ च्या उन्हाळ्यात हे धरण आटलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

पण उपग्रहाला आपल्या बोअर दिसत नाहीत. जमिनीखालून किती उपसलं, ते या रंगांत नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी नकाशाशेजारी ठेवाव्या लागतात. तिथून पुढचा इतिहास आपण पुढच्या वेळी पाहू.