गोग नक्की कोण? एका भविष्यवाणीचे बदलते शत्रू

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि काही दिवसांतच अमेरिकन टीव्हीवरचे प्रसिद्ध धर्मप्रचारक पॅट रॉबर्टसन यांनी सांगून टाकलं, की हे सगळं देवाच्या योजनेप्रमाणेच चाललंय, पुढचं लक्ष्य इस्रायल. आधार कुठला? बायबलच्या जुन्या करारातलं यहेज्केलचं पुस्तक, अध्याय 38 आणि 39.

आधी मूळ गोष्ट बघू. यहेज्केल हा इ.स.पू. सहाव्या शतकातला, बॅबिलोनमध्ये बंदिवासात असलेला यहुदी संदेष्टा. त्याच्या पुस्तकात मागोग देशाचा गोग उत्तरेकडून प्रचंड सैन्य घेऊन इस्राएलवर चालून येतो आणि देव त्याचा नाश करतो. गोग हा मेशेख आणि तुबालचा अधिपती. हे दोन्ही लोक अश्शूरी नोंदींत मुश्की आणि ताबाल या नावांनी सापडतात. राहायचे कुठे? आजच्या तुर्कस्तानात.

आता गंमत बघा. इ.स. 378 मध्ये गॉथ टोळ्यांनी रोमन सम्राट व्हॅलेन्सला लढाईत मारलं. त्याच सुमारास मिलानचे बिशप अँब्रोज लिहितात, गोग म्हणजे गॉथ! 1529 मध्ये ऑटोमन तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला. लगेच 1530 मध्ये मार्टिन ल्यूथरने हेच दोन अध्याय वेगळे छापले. आता गोग म्हणजे तुर्क.

मग 1909 चं स्कोफिल्ड बायबल. त्याच्या टिपांमध्ये गोग झाला रशिया, मेशेख म्हणजे मॉस्को, तुबाल म्हणजे तोबोल्स्क. पण मॉस्कोचं नाव मोस्क्वा नदीवरून आलंय आणि तोबोल्स्कचं तोबोल नदीवरून! तरी शीतयुद्धात ही कल्पना जोरात चालली. हॅल लिंडसे यांचं 1970 चं 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ' तुफान खपलं. त्यातही उत्तरेचा शत्रू रशियाच. 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला, पण इस्राएलवरची ती स्वारी काही झाली नाही.

म्हणजे मजकूर तोच, गोग मात्र व्हेरिएबल. ज्याची त्या काळात भीती, त्याचं नाव तिथे टाकायचं.

यात नुकसान काय? शत्रू देवानेच ठरवलाय म्हटलं, की वाटाघाटींना अर्थच उरत नाही. युद्ध टाळायचं कशाला, ते तर होणारच! म्हणूनच 1984 च्या अध्यक्षीय वादविवादात रोनाल्ड रेगन यांना आर्मागेडनबद्दल थेट प्रश्न विचारला गेला. अण्वस्त्रांचं बटण ज्याच्या हाती, तो जगाचा शेवट अटळ मानतो का, ही चिंता साधी नव्हती. आणि याच रेगननी 1987 मध्ये गोर्बाचेव्हसोबत मध्यम पल्ल्याची अण्वस्त्रं नष्ट करण्याचा करार केला. 'गोग'शी करार झाला, कारण समोर बसलेला माणूस गोग नव्हता.

तेव्हा पुढच्या युद्धात असा फॉरवर्ड आला, तर एवढंच विचारा: याच ओळींत याआधी कोणाकोणाची नावं बसवली होती?

भेटूया पुढच्या भागात!