क्षयनिदान, फुप्फुसाचे

फुप्फुसाच्या क्षयाची शंका लक्षणांवरून व क्ष-किरण चित्रावरून येते; निश्चिती मात्र बेडक्यात मायकोबॅक्टिरियम ट्युबरक्युलोसिस हा जंतू सापडल्याने होते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या जंतूचा शोध जाहीर केला. त्याच्या मेणचट आवरणात रंग सहजी शिरत नाही, पण शिरलेला रंग अम्लानेही धुऊन जात नाही. या गुणावर आधारलेली झील-नील्सन रंजनपद्धती लवकरच रूढ झाली व शतकाहून अधिक काळ टिकली.

मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभारणारे सर विल्यम वॉनलेस यांचे नाव धारण करणाऱ्या वॉनलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम चालू झाले, तेव्हा रोगावर रामबाण औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार हाच उपचार. साहजिकच प्रयोगशाळेला विचारावयाचा प्रश्नही एकच असे : जंतू आहे की नाही? १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध लागल्यानंतर दुसरा प्रश्न पुढे आला : तो औषधाला दाद देतो काय? सूक्ष्मदर्शकाजवळ याचे उत्तर नाही, कारण रोधक्षम व सामान्य जंतू सारखेच दिसतात.

सूक्ष्मदर्शकाची दुसरी उणीव अधिक जाचक आहे. एक मिलि. बेडक्यात सु. ५,००० ते १०,००० जंतू असल्याखेरीज ते काचपट्टीवर सहसा आढळत नाहीत. संवर्धनास १० ते १०० जंतू पुरतात. औषधरोधही त्यातूनच तपासता येतो. परंतु हा जंतू अतिशय सावकाश वाढतो. अंडी व मॅलॅकाइट ग्रीन असलेल्या लोव्हेन्श्टाइन-येन्सन माध्यमावर त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. द्रव माध्यमामुळे हा अवधी कमी झाला. तोवर रोगी घरी खोकत राहतो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर काम करणाऱ्यास एका तपासणीसाठी दोनदा, पूर्वी तर तीनदा नमुना द्यावा लागे. प्रत्येक खेप म्हणजे मजुरी बुडणे. पद्धतींची तुलना केवळ संवेदनशीलतेच्या आकड्यांवर करणे म्हणूनच अपुरे ठरते. १९६२ मध्ये आरंभ झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने सूक्ष्मदर्शकावर भर दिला, तो तालुक्याच्या ठिकाणीही चालत असल्यामुळे.

रक्तातील प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या सोप्या, पण अविश्वसनीय होत्या. निरोगी माणसास रोगी व रोग्यास निरोगी ठरविणाऱ्या या चाचण्यांवर भारत सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली. ती आधी यावयास हवी होती.

जंतूचे डीएनए बहुगुणित करून ओळखणारी एक्सपर्ट ही चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिफारसपात्र ठरविली. जंतू व रिफँपिसिनरोध ही दोन्ही उत्तरे ती सु. दोन तासांत देते. तिच्या यंत्रास अखंड वीज व शक्यतो वातानुकूलित खोली लागते. गोव्यातील मोलबायो या कंपनीचे ट्रूनॅट यंत्र विद्युत् घटावर चालत असल्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात वापरता येते. त्यास संघटनेची मान्यता २०२० मध्ये मिळाली. मात्र या चाचण्या मृत जंतूंचे डीएनएही दाखवितात. त्यामुळे उपचार लागू पडला की नाही हे पाहण्यासाठी काचपट्टी व संवर्धन यांचाच आधार घ्यावा लागतो.